बिघडलेला आवाज आणि जुळवलेली जवारी

मार्चअखेरीची गोष्ट. तासगावच्या आसपास बेदाणा वाळवण्याचे दिवस होते. अकरावीतला एक विद्यार्थी एक खोके घेऊन आमच्याकडे आला. खोक्यात गिटारसाठीच्या 'फझ' नावाच्या उपकरणाचे किट होते. गिटारची तार छेडल्यावर येणारा स्वच्छ आवाज या उपकरणातून गेला की फाटका, खरखरीत आणि लांबत जाणारा होऊन बाहेर पडतो. १९६६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या 'फझ फेस' या डब्याची ही हुबेहूब नक्कल, असे त्या किटबरोबरच्या कागदावर म्हटले होते. सुटे भाग मोजायला एक हात पुरेना, पण दोन पुरले: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर. शिवाय फिरवायची दोन बटणे आणि ९ व्होल्टची बॅटरी. जाळपट्टीवर भाग बसवून आम्ही रात्री डाग दिले, तारा जोडल्या आणि गिटार लावली. डबा उत्तम बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्याच्या खोलीत इतरांना दाखवायला तोच डबा काढला, तर तो तुटक-तुटक बोलू लागला. तार जोरात छेडली तर क्षणभर आवाज, नाहीतर गप्प. जोडणी तपासली, बॅटरी बदलली, काही उपयोग झाला नाही. पुढे त्याच नकाशाप्रमाणे, त्याच क्रमांकांचे भाग घालून दुसरा डबा केला. तो मात्र दुपारीही नीट चालला. रात्री दोन्ही डबे शेजारी ठेवून ऐकले, तर दोघांचे आवाजही वेगळे!

नकाशा तोच, भागांचे क्रमांक तेच, मग आवाज तोच का नाही? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही बरेच लांब गेलो आणि शेवटी पोचलो ते जवळच, मिरजेला. त्या प्रवासाची ही हकिकत.

दोषाला मागणी

विद्युत-गिटारचा आवाज वर्धकातून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून मोठा होतो. वर्धकाचे काम एकच: जसा संकेत आत येईल तसाच, पण मोठा करून बाहेर सोडायचा. त्याचा आकार बदलला तर त्याला आपण विरूपण म्हणतो. पाठ्यपुस्तकांच्या हिशेबी हा वर्धकाचा दोष, आणि तो कमीत कमी कसा होईल हे पाहणे अभियंत्याचे काम.

पण १९५०च्या दशकात अमेरिकेतील काही वादकांना हा दोषच आवडू लागला. लिंक रे या वादकाने १९५८च्या सुमारास आपल्या स्पीकरच्या कागदी शंकूला भोके पाडली. हवा तो फाटका आवाज मिळवण्याचा दुसरा उपाय त्याच्याजवळ नव्हता.

नॅशव्हिल या गावी मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन हा वादक खर्जाची सहा तारांची गिटार वाजवत होता. ती ज्या वर्धकातून जात होती त्यात काही बिघाड झाला आणि तिचा आवाज फाटून घरघरू लागला. नेहमीच्या रीतीने तो भाग पुसून पुन्हा वाजवायचा. पण तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली ते गाणे लोकप्रिय झाले. बिघडलेला भाग पुढे पूर्ण निकामी झाला. पण तोवर इतर कलावंत 'तो आवाज' मागू लागले होते.

मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण-अभियंत्याने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याबरोबर ट्रान्झिस्टर वापरून त्या बिघाडाची नक्कल करणारे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. त्यात जर्मेनिअमचे तीन ट्रान्झिस्टर होते आणि दीड व्होल्टचे दोन सेल. सुरुवातीला दुकानांनी माल उचलला, पण पुढे मागणी थंडावली. १९६५ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज वृंदाच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात हा डबा वाजला आणि सगळा साठा पाहता पाहता संपला. त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट याचा 'टोन बेंडर' निघाला, आणि १९६६ साली आयव्हर आर्बिटर याच्या कंपनीचा गोल, तव्यासारखा 'फझ फेस'. जिमी हेंड्रिक्स या वादकाने तो जगभर पोचवला.

म्हणजे आज ज्या 'अस्सल' डब्यांच्या नकला लोक किटमधून करतात, त्या परंपरेतला पहिला डबाच मुळात नक्कल होता, आणि तीही एका बिघाडाची!

रास आणि सपाट माप

डब्यात नेमके घडते काय? गिटारमधून येणारा संकेत व्होल्टच्या दहाव्या भागाइतका धरू. दोन ट्रान्झिस्टर मिळून तो ३०० पट मोठा करू पाहतात. म्हणजे ३० व्होल्ट व्हायला हवेत. पण बॅटरी आहे ९ व्होल्टची. मापावर धान्याची रास चढली की आपण वरून हात फिरवून ती सपाट करतो. तसेच येथे तरंगाचे माथे आणि तळ छाटले जातात. गोलाईदार तरंगाचा चौकोनी तरंग होतो.

चौकोनी तरंग म्हणजे एकच शुद्ध स्वर नव्हे. मूळ वारंवारता १०० असेल तर त्यात ३००, ५००, ७०० अशा विषम पटींच्या वारंवारताही असतात. त्यांचे आयाम मूळच्या अनुक्रमे एक तृतीयांश, एक पंचमांश, एक सप्तमांश. छाटणी वरून जास्त आणि खालून कमी झाली, तर २००, ४०० अशा सम पटीही येतात. या पटींना आपण उपस्वर म्हणू. मूळ तरंगात जे नव्हते ते उपस्वर छाटणीतून निर्माण होतात. तार मंदावत गेली तरी तरंगाचा माथा छाटला जातच असतो, म्हणून आवाजाची पातळी बराच वेळ टिकते. फझचा आवाज लांबतो तो यामुळे.

जर्मेनिअमचा स्वभाव

आता आमच्या रुसलेल्या डब्याकडे वळू. १९६०च्या दशकातले डबे जर्मेनिअम या मूलद्रव्याच्या ट्रान्झिस्टरवर चालत. आपल्याकडेही त्याच दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असे ट्रान्झिस्टर बनू लागले होते. फझ फेसमध्ये वापरला गेलेला एसी १२८ हा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या जुन्या रेडिओ-मेकॅनिकांच्याही ओळखीचा. पुढे सिलिकॉनने त्याची जागा घेतली.

जर्मेनिअममध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सिलिकॉनमध्ये सुमारे १.१. म्हणून साध्या उष्णतेनेही जर्मेनिअममध्ये बरेच इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा विद्युतप्रवाह झिरपत राहतो. याला गळती म्हणतात. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की गळती दुप्पट होते.

फझ फेसमधल्या पहिल्या ट्रान्झिस्टरला ३३,००० ओहमच्या रेझिस्टरमधून प्रवाह मिळतो. ९ भागिले ३३,००० केले की जास्तीत जास्त प्रवाह येतो सुमारे २७३ मायक्रोअँपिअर. समजा, रात्री २२ अंशांना एका ट्रान्झिस्टरची गळती ८० मायक्रोअँपिअर आहे. दुपारी पत्र्याखाली ४२ अंश झाले, म्हणजे गळती दोनदा दुप्पट होऊन ३२० झाली. जो रेझिस्टर २७३च देऊ शकतो त्याचा सगळा प्रवाह गळतीनेच खाल्ला! तारेचा संकेत येवो न येवो, पहिला ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा राहतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेला दुसरा बंद पडतो. मंडलातील इतर भागांमुळे प्रत्यक्ष हिशेब थोडा निराळा होतो. पण आमचा डबा गप्प का बसला ते यावरून कळते. दुसऱ्या डब्यातल्या ट्रान्झिस्टरची गळती रात्री २० असेल तर दुपारी ती ८० होईल, आणि काम चालू राहील.

त्या काळी एकाच क्रमांकाचे ट्रान्झिस्टर प्रत्यक्षात फार वेगवेगळे निघत. म्हणूनच जुन्या फझ फेसपैकी काही फारच गोड बोलत आणि काही अगदीच मठ्ठ. आजचे चांगले किट करणारे लोक प्रत्येक ट्रान्झिस्टरची गळती आणि वर्धन मोजतात. पहिला साधारण ७० ते ८० पट वर्धनाचा आणि दुसरा ११० ते १३० पटींचा, अशी जोडी निवडतात. म्हणजे नकाशा आणि क्रमांक यांची नक्कल पुरत नाही. कुणीतरी बसून मोजावे लागते आणि शेवटी कानाने ऐकावे लागते.

मिरजेची घोडी

हे सगळे बोलणे चालू असताना आमच्यापैकी तंबोरा लावणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "यात नवीन काय? जवारी म्हणजे दुसरे काय असते?"

तासगावहून मिरज एसटीने तासाभराच्या वाटेवर. सतारी-तंबोऱ्यांसाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात येथे वाद्ये बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य कारागीर मानले जातात. तलवारींचे दिवस सरले, पण धातू आणि कानस यांवर बसलेला हात वाया गेला नाही. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढा भागातून, आणि दांडीसाठी तूण लाकूड वापरतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) उत्तरायुष्यात मिरजेलाच राहिले. ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते आणि त्यासाठी लागणारी हत्यारे बरोबर बाळगत. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांना भौगोलिक मानांकन मिळाले.

व्हायोलिनच्या घोडीचा माथा धारदार असतो. तार तेथे एका रेषेवर टेकते आणि सुटते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद, आणि तिचा माथा अगदी किंचित गोलाईदार. तार कंप पावताना या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तारेच्या हलत्या भागाची लांबी प्रत्येक कंपनात किंचित बदलत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा साधली की तंबोरा 'बोलू' लागतो. माथ्याला हा आकार देणे म्हणजेच जवारी काढणे. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. घोडीचा माथा पूर्वी हस्तिदंताचा किंवा सांबरशिंगाचा असे. वन्यजीव कायद्यानंतर हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थ आले. दर पदार्थाची झीज वेगळी, म्हणून जवारी उतरली की ती पुन्हा काढावी लागते.

भौतिकशास्त्राला यात नवल काय वाटले? तार ज्या बिंदूपाशी छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो ते उपस्वर निघूच शकत नाहीत, हा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गैरहजर असायला हवेत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली कोलकात्याहून प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात दाखवले, की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. नियमाप्रमाणे जे उपस्वर मुळीच नसावेत, ते या वाद्यांतून ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडीचा उतार. तेथे तारेची हालचाल एका बाजूने अडवली जाते आणि मूळ कंपनातली ऊर्जा उपस्वरांत वाटली जाते.

म्हणजे ट्रान्झिस्टर बॅटरीच्या मर्यादेवर तरंग छाटतो, आणि घोडी आपल्या उतारावर तारेला अडवते. दोन्हीकडे सरळ प्रमाण मोडते, आणि दोन्हीकडे मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात.

स्वयंभू गंधार

हे उपस्वर कोणते? खर्जाच्या तारेची वारंवारता १०० धरली तर २०० हा वरचा षड्ज, ३०० पंचम, ४०० पुन्हा षड्ज, आणि ५०० हा गंधार. तंबोरा गंधारात लावलेला नसतो, तरी जवारी उत्तम लागली की गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यांनी वारंवारता मोजली नव्हती, पण पाचवा उपस्वर कानाने बरोबर ओळखला होता.

मोजण्याचा प्रयत्नही याच परिसरात झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींच्या वारंवारतांची मांडणी करणारे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. त्या कामात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे सहकार्य होते. त्यांचे निष्कर्ष सर्वांनी मान्य केले नाहीत. पण गवई, सरकारी अधिकारी आणि मापनाचे साधन यांची या भागात गाठ पडली होती, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी.

फझ आणि जवारी यांत एक मोठा फरकही आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तार घोडीवर आपापल्या जागी टेकते. एका तारेचे विरूपण दुसरीत फारसे मिसळत नाही. गिटारच्या सहाही तारा मात्र एकाच ट्रान्झिस्टरमधून जातात. २०० आणि ३०० अशा दोन वारंवारता एकत्र छाटल्या की त्यांची वजाबाकी १०० आणि बेरीज ५०० याही निर्माण होतात. षड्ज-पंचमाची ही जोडी असल्याने ते स्वर एकाच माळेत बसतात. षड्ज-गंधाराची जोडी घेतली तर गिटारच्या समान अंतरांच्या पट्ट्यांमुळे २०० बरोबर २५० नव्हे, सुमारे २५२ वाजतात. वजाबाकी ५० ऐवजी ५२ येते आणि सगळा गोंधळ ऐकू येतो. फझ लावल्यावर गिटारवादक बहुधा एकच तार किंवा षड्ज-पंचमच का वाजवतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

करून पाहा

शाळेतल्या सोनोमीटरवर हा प्रयोग होऊ शकतो. नेहमीच्या धारदार घोड्यांवर तार ताणा. ती बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच मध्यबिंदूला पिसाने हलकेच स्पर्श करून पीस काढून घ्या. आवाज जवळजवळ थांबेल. कारण मध्यावर छेडल्याने फक्त विषम उपस्वर निघाले होते, आणि मध्यावरच्या स्पर्शाने तेच मरतात.

आता एका टोकाच्या घोडीऐवजी किंचित गोलाईची, घासून गुळगुळीत केलेली बांबूची रुंद चिपटी ठेवा. तार तिच्या उतारावरून अलगद सुटली पाहिजे. तारेखाली शिवणाचा दोरा सरकवत राहा. एका जागी आवाज एकदम झणझणीत होईल. मग तशीच मध्यावर छेडून मध्यावर पिसाचा स्पर्श करा. या वेळी वरच्या सप्तकातला आवाज मागे उरतो का, ते ऐका. पहिल्या खटपटीत जमेलच असे नाही. आम्हाला चिपटी चार वेळा घासावी लागली. त्या चार वेळांत जवारी काढणाऱ्या हाताबद्दल विद्यार्थ्यांना जे कळले, ते आमच्या सांगण्याने कळले नसते.

नक्कल कशाची?

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आज तर फोनमध्येही तंबोरा वाजतो. रियाजाला त्याचा उपयोग मोठा; चार खोल्यांच्या घरात, प्रवासात, खरा तंबोरा सगळ्यांना कुठला परवडायला? त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फझचे किटही तसेच. त्यातून एका मुलाने ओहमचा नियम, गळती आणि उपस्वर हे सगळे एका आठवड्यात शिकून घेतले.

पण आम्हाला दोन गोष्टी वाटतात. पहिली अशी की, एखादी गोष्ट दोष की गुण हे मंडलाच्या नकाशावर लिहिलेले नसते. ती कशासाठी वापरायची हे ठरल्यावरच ते ठरते. दवाखान्यातल्या हृदयालेखाच्या यंत्रात तरंगाचा माथा छाटला गेला तर रोग्याच्या जिवाशी खेळ. गिटारच्या डब्यात तेच संगीत. विरूपण शिकवताना 'हा दोष आहे' एवढेच सांगून आपण थांबू नये.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. फझचे जुने डबे संपले तरी त्याचा नकाशा उरेल, आणि गळती मोजण्याची पद्धत लिहून ठेवलेली आहे. जवारीचा नकाशा नाही. माथ्याची गोलाई किती, कानस कुठे थांबवायची, हे मिरजेतल्या मोजक्या घरांतल्या हातांना आणि कानांना ठाऊक आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. हाताचे रक्षण तो हात नव्या हाताला शिकवील तेव्हाच होते. विज्ञान-सहलीचे ठिकाण शोधत असाल तर सतारमेकरांच्या गल्लीचा विचार करा. मुलांबरोबर मोजपट्टी आणि वही न्या, आणि कारागीर कानस थांबवतो त्या क्षणी त्याने काय ऐकले, हे मुलांना विचारू द्या.

आमचा पहिला डबा अजून आहे. त्यातला पहिला ट्रान्झिस्टर बदलायचा की नाही यावर मुलांचे एकमत होत नाही. थंडीत तो दुसऱ्यापेक्षा चांगला बोलतो, असे काहींचे म्हणणे आहे. सध्या त्याच्यावर चिठ्ठी लावली आहे: 'फक्त रात्री वाजवणे.'